चौथी स्प्रिंग

भर चौकात माझ्या पोटरीत गोळा आला, आणि त्यामुळे माझी त्याच्याशी ओळख झाली. कुणी याला योगायोग म्हणेल. मी त्या वेळी फक्त "आई गं!" म्हणाले होते.

सिग्नल हिरवा झाला होता. बाबांची जुनी गाडी – माझ्याहून दोनच वर्षांनी लहान – पुढे सरकायचं नाव घेत नव्हती, कारण ॲक्सिलरेटरचं पेडल दाबायला लागणारा जोर माझ्या पायात उरलाच नव्हता. मागे हॉर्नचा नुसता कल्ला. मी गाडी रांगत रांगत कडेला आणली आणि समोर बघते तर गॅरेज. आत एका बॉनेटखाली एक माणूस वाकलेला.

"काय झालं?" त्याने मान वर न करता विचारलं.

"पेडल जड आहे."

"किती जड?"

आता हा काय प्रश्न झाला? "हे बघा, मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर घरोघरी जाऊन लोकांचे गुडघे हलवते आणि संध्याकाळी स्वतःचाच पाय शेकत बसते. इतकं जड!"

तेव्हा कुठे त्याने मान वर केली. नाकाच्या शेंड्यावर काळा डाग, डोळे अगदी शांत... आणि तो हसला. मला पुढचं वाक्यच सुचेना. मी, जिची बडबड ऐकून पेशंट दुखणं विसरतात, ती मी!

दहा मिनिटांत त्याने वायरला तेल दिलं, आत काहीतरी काढलं-घातलं आणि म्हणाला, "आता बघा." मी पाय ठेवला मात्र, गाडी अशी झेपावली की मीच दचकले. घरी पोचेपर्यंत मी गुणगुणत होते. बाबा व्हरांड्यात बसले होते. मी किती वेगात वळण घेतलं, ते त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

चार दिवसांनी पेडल पुन्हा जड!

मी पुन्हा गॅरेजमध्ये. त्याने बॉनेट उघडलं, आत वाकला आणि तसाच थांबला. मग माझ्याकडे बघितलं, मग आत, मग पुन्हा माझ्याकडे.

"मधे गाडीला कुणी हात लावला होता?"

"छे! माझ्याशिवाय या गाडीला कुणीही हात लावत नाही," मी तोऱ्यात म्हणाले. आणि ते मला खरंच वाटत होतं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून बाबा गाडी चालवत नव्हते.

"असं होय..." तो म्हणाला. ओठाच्या एका कोपऱ्यात हसू आलं, ते त्याने फडक्याने तोंड पुसायच्या निमित्ताने लपवलं.

'असं होय' म्हणजे काय? यात हसण्यासारखं काय होतं? माझ्या डोक्याचा नुसता गोंधळ.

काम झाल्यावर तो चक्कर मारायला शेजारी बसला. बाहेर पाऊस भुरभुरत होता, वायपर कुरकुरत होता. गाडी लहान, त्यामुळे गिअर टाकताना माझं कोपर दोनदा त्याच्या बाहीला लागलं. दोन्ही वेळा मी "सॉरी" म्हणाले आणि दोन्ही वेळा मला मुळीच वाईट वाटलं नाही.

"पाय अलगद ठेवा," तो म्हणाला.

"पायांचं मला शिकवू नका. माझा धंदाच तो आहे."

"मग माझा घोटा बघा की. दिवसभर उभं राहून ठणकतो."

"बघते ना! काढा बूट."

मला वाटलं, तो लाजेल. तर गॅरेजमध्ये परत आल्यावर तो खरंच स्टुलावर बसला आणि बूट काढला. मी घोटा दाबला, फिरवला, दोन व्यायाम सांगितले. वर बघायचं मात्र टाळलं.

"आठवड्याने दाखवायला येऊ?" त्याने विचारलं.

"मला यावंच लागेल बहुतेक," मी म्हणाले, "तुमचं काम टिकत कुठे?"

त्यावरही तो हसला! घरी येताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा माणूस मुद्दाम काम कच्चं ठेवतोय... मी पुन्हा यावं म्हणून! खरं तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जायला हवी होती. तर मी आरशासमोर केस सारखे करत बसले होते. आहे की नाही कमाल?

त्याच आठवड्यात बाबांनी जेवताना बॉम्ब टाकला.

"गाडी विकून टाकू. रविवारी एकजण बघायला येणार आहेत. तुझा पाय रोज दुखतो, मला बघवत नाही. नंतर एखादी नवी, हलकी बघू."

नवी गाडी म्हणजे कंपनीचं सर्व्हिस सेंटर. म्हणजे काचेचं दार, खुर्च्यांची रांग... आणि तो नाही. मी घास परत ताटात ठेवला. पेडलचं दुखणं गेलं तर मला आनंद व्हायला हवा होता ना? मग मला रडू का येत होतं?

शनिवारी पेडल पुन्हा दगडासारखं. मी ठरवून गेले, आज सोक्षमोक्ष लावायचाच. बॉनेट उघडायच्या आत मी तोंड उघडलं.

"एक विचारू? तुम्ही हे मुद्दाम करता ना?"

"मी?" तो बघतच राहिला. "मला वाटलं, तुम्ही करता!"

त्याने फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. त्यातल्या दोन छोट्या स्प्रिंगा माझ्या तळहातावर ठेवल्या, मग गाडीत वाकून तिसरी काढली. "या गाडीच्या नाहीत. मूळची स्प्रिंग जागेवर आहे. तिच्या जोडीला कुणीतरी दर वेळी एक जास्तीची लावतं, म्हणून पेडल जड होतं. तुम्हीच म्हणालात, गाडीला दुसरं कुणी हात लावत नाही. मग मी समजलो की..."

त्याचे कान लाल झाले होते.

मी स्प्रिंगा उलटसुलट करून पाहिल्या. प्रत्येकीच्या टोकाला लाल रंगाचा बारीक ठिपका. हा ठिपका मी लहानपणापासून बघत आले होते. बाबांनी तीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केले, आणि तपासून झालेल्या प्रत्येक स्प्रिंगला ते असाच ठिपका लावायचे.

"बाबा!" मी ओरडलेच.

आम्ही दोघंही हसलो, पोटभर. आणि मग हसू ओसरलं, तसं काहीतरी चुकल्यासारखं झालं.

"म्हणजे... तुम्ही मुद्दाम येत नव्हता," तो हळूच म्हणाला.

"आणि तुम्ही मुद्दाम बोलावत नव्हता."

काय विचित्र माणसं आम्ही! दोघंही निर्दोष सुटलो होतो आणि दोघांचीही तोंडं उतरली होती.

"उद्या गाडी विकताहेत," मी म्हणाले. मला वाटलं, आता तरी हा काही बोलेल.

"चांगली गाडी आहे," तो फडकं पिळत म्हणाला. "चांगल्या माणसाकडे जाऊ दे."

एवढंच?! मी धाडकन दार लावून निघाले. घोटा बरा आहे का, हे विचारायचंही राहिलं.

घरी बाबांसमोर तिन्ही स्प्रिंगा आपटल्या.

"हं, म्हणजे तो काढतो होय! तरी म्हटलं, माझी स्प्रिंग जाते कुठे," बाबा उलट त्याच्यावरच घसरले. "तू फाटकाला गाडी घातलीस ना, तेव्हापासून लावतोय."

"मग मला सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर काढून टाकली असतीस. हलकं ठेवलं तर तू सुसाट, जड केलं तर तुझा पाय सुजणार... मला काही सुचेना बाई, म्हणून म्हटलं विकूनच टाकू."

घरात मी एकटीच गोंधळलेली नव्हते तर.

रविवारी गाडी बघायला आले ते पोहण्याचे शिक्षक होते, चांगले धिप्पाड. त्यांनी पेडलवर पाय ठेवला. दाबला. पुन्हा दाबला. मग खाली उतरून मांडी चोळत म्हणाले, "नको हो. ही गाडी आहे की व्यायामशाळा?" आणि गेले.

बाबा चक्रावले. बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत राहिले. त्यांनी बॉनेट बंद केलं, चष्मा पुसला.

"हूक उलटा लावलायस," ते म्हणाले. "उद्या गॅरेजला जाऊन नीट करून घे."

सोमवारी सकाळी तो शटर वर करत होता, तेवढ्यात मी गाडी दारात लावली. तो आधी बघतच राहिला, मग जवळ आला.

"विकली नाही?"

"पेडल जड आहे म्हणून त्यांनी नको म्हटलं."

त्याच्या कपाळावर आठी. बॉनेट उघडून तो आत वाकला. मी बाहेर उभी, मनात नुसतं – निघून जाऊ का? अजून जाता येईल...

त्याने स्प्रिंग काढून उजेडात धरली. हिरवट, जाड, बेढब. पेशंटच्या बोटांना ताकद यावी म्हणून आम्ही वापरतो, त्या जुन्या साधनातली.

"हिला ठिपका नाही," तो म्हणाला.

"नाही."

"ही बाबांची नाही."

"नाही."

"मग...?"

"माझी आहे," मी म्हणाले. "ही मी लावली. मुद्दाम. मला गाडी विकायची नव्हती आणि... मला इथे यायचं होतं. तुमच्याकडे."

बोलून टाकलं. आता जे व्हायचं ते होवो.

आधीच्या दोन स्प्रिंगा जिथे ठेवल्या होत्या, त्या डब्याकडे त्याचा हात गेला, थांबला, मागे आला. माझी ती बेढब स्प्रिंग त्याने फडक्याने नीट पुसली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"शनिवारी तुम्ही गेलात ना," तो म्हणाला, "तेव्हा मला धड बोलता आलं नाही. रात्रभर वाटत होतं, तुमच्या बाबांना जाऊन सांगावं, आणखी एक लावा."

मी हसले. डोळ्यांत पाणीही आलं, ते का कुणास ठाऊक.

"पेडल आता हलकं झालंय," तो म्हणाला. "पण उद्या येशील?"

"कशाला? गाडी तर ठीक आहे."

"गाडी ठीक असतानाच ये ना एकदा."

मी स्टूल पुढे ओढलं. "येईन. आधी बूट काढ. घोटा बघू दे."