मे महिन्याची चार भाडी

यमुना शेट्ये मांडवीचं घर बघायला गेली, तेव्हा घराचा मालक छपरावर होता. वरून एक कौल घसरलं, तिच्या पायाशी फुटलं, आणि पाठोपाठ आवाज आला, "लागलं नाही ना... तुम्हाला?"

"नाही. पण हे घर तुम्ही आम्हाला देणार ना? मग कौलं कशाला चाळताय?"

"गळतं," काशीराम खातू म्हणाला. "तुमच्याकडे आल्यावर गळलं तर बरं दिसणार नाही."

यमुनेसोबत आलेली गंगुआत्या पुटपुटली, "यमे, माणूस बरा की वेडा, ता आधी बघ गो."

यमुना रत्नागिरीत मुलींच्या शाळेत शिकवायची. आईकडून आलेलं, भाड्यानं दिलेलं तिचं घर मात्र चिपळुणात. काशीरामचं सुपारीचं दुकान चिपळुणात आणि भाड्यानं दिलेलं घर इथं, रत्नागिरीच्या मांडवीत. भाडं आणायला दोघांनाही दिवसभर मोटारीत हाडं खिळखिळी करून घ्यावी लागत. म्हणून घरांची अदलाबदल.

पुढच्या आठवड्यात चिपळूणच्या घरात तिनं भिंतीवरची एक पुसट रेघ दाखवली. "वाशिष्ठीच्या पुराचं पाणी इथवर येतं. दस्तात लिहून घ्या."

काशीरामनं रेघेकडे पाहिलं. मग तिच्याकडे... रेघेपेक्षा बराच वेळ.

१ जून १९३१ रोजी दस्त नोंदला गेला. दोन्ही बाजू प्रामाणिक असल्यामुळे व्यवहार कुठंही अडला नाही, आणि तिथंच घात झाला. पुन्हा भेटायला कारणच उरलं नाही. वर्षभर यमुना मांडवीच्या छपराकडे बघून उसासे टाकत होती. छप्पर एकदाही गळलं नाही.

पुढच्या वर्षी दोघांनी कराच्या कचेरीत आपापली पत्रकं भरली. श्रावणात दोघांना एकाच दिवशी बोलावणं आलं.

अंमलदारांनी दोन्ही पत्रकं शेजारी शेजारी ठेवली. "घरं दोन. दस्त एक जूनचा. म्हणजे मेचं चिपळूणचं भाडं बाईंचं, मांडवीचं यांचं. पण बाईंनी मेची दोन्ही भाडी स्वतःच्या नावावर दाखवलीत. आणि यांनीही दोन्ही." त्यांनी चष्मा काढला. "बावीस वर्षं नोकरी केली. लोक स्वतःचंच भाडं विसरतात. दुसऱ्याचा कर अंगावर घेणारं माणूस पाहिलं नव्हतं. आज एकदम दोन."

कारकून धोंडूपंत देवळात उभं राहावं तसे उभे राहिले.

दुरुस्त पत्रकं लिहायला दोघं पडवीत आली. आत्या बाकावर बसून निष्ठेनं पावसाकडे बघत राहिली.

"मुलींना हिशेब शिकवता," काशीराम म्हणाला, "मग चूक कशी झाली?"

"झाली नाही..." तिनं टाक दौतीत बुडवला, काढला, पुन्हा बुडवला. "पत्रकं जुळली नाहीत की दोघांनाही बोलावतात — असं ऐकलं होतं. तुमची कशी झाली?"

त्यानं आपला टाक खाली ठेवला. पागोळ्या गळत होत्या.

"मला वाटलं, ही युक्ती मला एकट्यालाच सुचली."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. सरकारी कागदावर इतकं धाडस करणारं माणूस आपल्यासमोर बसलंय, यावर दोघांचाही विश्वास बसेना.

मग काशीरामनं पत्रकातल्या राहत्या पत्त्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. "यमुनाबाई, पुढच्या वर्षी इथं... पत्ता कुठला लिहू?"

"मांडवीचा." तिनं मान वर केली नाही. "पण कौलं दर साल चाळावी लागतील."

बाकावरून आत्या म्हणाली, "आणि खाली कोण उभा हा, ता बघून चाळा हो."