हेमंत पाठराबे यांचे चरित्र

"तुमच्या पत्नीचं नाव?" डॉ. उत्पला मेश्राम यांनी विचारलं.

"ज्योत्स्ना," हेमंत पाठराबे लगेच म्हणाले.

काचेपलीकडे उभ्या असलेल्या ज्योत्स्नाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांत नवऱ्याच्या तोंडून त्यांनी स्वतःचं नाव ऐकलं नव्हतं. स्मृतिऱ्हासानं आधी किल्ल्या नेल्या, मग रस्ते, मग माणसं. नागपूरच्या या प्रयोगशाळेत 'स्मृतिसांधणी' होते असं कळल्यावर त्यांनी हातातली सगळी कामं टाकली होती.

"त्या आता कुठं असतात?"

"गेली." पाठराबे शांतपणे म्हणाले. "ऑक्टोबर महिना होता. विषमज्वर. किती वर्षं झाली ते मात्र नीट सांगता येत नाही."

डॉ. मेश्राम यांचं पेन थांबलं. त्यांनी ज्योत्स्नाबाईंना आत बोलावलं. पाठराब्यांनी त्यांना निरखून पाहिलं आणि अदबीनं हात जोडले.

"या बाई, बसा. राग मानू नका, पण तुमची चेहरेपट्टी आमच्या हिच्यासारखी आहे."

सांधणीयंत्राचं काम इम्तियाज देशमुख बघत असे. त्यानं रात्रीची सगळी आलेखनं पुन्हा तपासली. यंत्रात बिघाड नव्हता. बिघाड असता तर सोपं झालं असतं.

"काकू, जरा समजून घ्या," डॉ. मेश्राम म्हणाल्या. "जगलेला प्रसंग आणि वाचलेला प्रसंग मेंदूत एकाच ठिकाणी साठतो. फरक इतकाच, की जगलेल्या प्रसंगावर शरीराची खूण असते. आपला आवाज, आपले ठोके, आपले अश्रू. आम्ही तिला स्वमुद्रा म्हणतो. यंत्र काय करतं, तर स्वमुद्रा असलेले तुटके तुकडे शोधतं आणि एकमेकांना सांधतं. वाचलेल्या गोष्टींना ही मुद्रा नसते, म्हणून त्या बाजूला राहतात."

"नटांना असते," इम्तियाज म्हणाला. "भूमिका अंगात भिनलेली असते ना. म्हणून आपण नटांवर उपचार करत नाही. काका नाटकात कधी होते का?"

"छे हो! विधिमंडळात प्रतिवेदक होते. आमदार बोलतील ते शब्दन् शब्द उतरवून घ्यायचं. स्वतः सभेत एक वाक्य बोलले नाहीत कधी."

इम्तियाजनं वही पुढं ओढली. "मग हे पहा. मी त्यांना विचारलं, निवृत्त कसे झालात. तर म्हणाले, निवडणूक हरलो. नव्या माणसाच्या शपथविधीला थांबलो नाही, पहाटेच निघालो आणि गावी येऊन शेती पाहिली. मी विचारलं, कसली निवडणूक? तर लाजले. म्हणाले, राष्ट्राध्यक्षपदाची. एकदाच होतो, दुसऱ्या खेपेला पडलो."

ज्योत्स्नाबाई खुर्चीत मागं टेकल्या. आधी त्यांना हसू आलं, मग ते थांबेना.

"ॲडम्स," त्या कशाबशा म्हणाल्या. "जॉन ॲडम्स. अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष."

मग त्यांनी सांगितलं ते असं. पाठराब्यांना एकच शौक होता: अमेरिकेच्या सुरुवातीच्या नेत्यांची चरित्रं. वॉशिंग्टन, जेफरसन, हॅमिल्टन, जाडजूड एकेक ग्रंथ. दिवसभर आमच्या आमदारांचं ऐकल्यावर संध्याकाळी मला त्यांचं ऐकावंसं वाटतं, असं ते म्हणत. इंग्रजी पुस्तक मांडीवर ठेवून ज्योत्स्नाबाईंना तिथल्या तिथं मराठी करून वाचून दाखवत. पण त्या ग्रंथांत माणसांची इतकी गर्दी, की भाजी निवडता निवडता बाईंचा गोंधळ व्हायचा. हा कोण बोलला, तो कोणावर रुसला? शेवटी पाठराबे म्हणाले, आजपासून ॲडम्स म्हणजे मी. आणि मग सव्वीस वर्षं, चहानंतर तासभर, ते ॲडम्स होऊन वाचत. ॲडम्स चिडला की टेबलावर मूठ आपटत. जेफरसनशी अबोला धरला की पुढचे दोन दिवस घरात कोणाशी बोलत नसत.

"आणि त्याची बायको, अबिगेल?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"ती मी." ज्योत्स्नाबाईंचं हसू मावळलं. "ती दोघं एकमेकांना पत्रं लिहायची. हजारावर. हे मला तिची पत्रं वाचून दाखवायचे. स्वतः मला एक ओळ कधी लिहिली नाही, ते असो. तिच्या मरणाचं पान आलं तेव्हा हे ढसाढसा रडले. माझी ज्योत्स्ना गेली, असंच म्हणाले. मी पुस्तक हातातून काढून घेतलं आणि मिटलं. म्हटलं, पुरे आता, मी इथं बसलेय. तो ग्रंथ आम्ही पुन्हा उघडला नाही."

इम्तियाजनं मान हलवली. "रडले त्यावर स्वमुद्रा उमटली, पक्की. पुस्तक मिटल्याचा तुकडा आजारानं गेला. यंत्राला जे दिसलं ते त्यानं सांधलं."

"मग तेवढं खोडा."

"तेवढंच खोडता येत नाही, काकू," डॉ. मेश्राम म्हणाल्या. "त्या सगळ्या संध्याकाळींची मुद्रा एकच आहे. ॲडम्स काढायचा तर तुम्हीही जाल. पण दुसरा उपाय आहे. सांधणीनंतर बहात्तर तास स्मृती ताज्या गिलाव्यासारखी ओली असते. हा ओलकाळ. त्यात हरवलेला तुकडा परत बसवता येईल. आता साठ तास उरलेत."

"मी सांगते त्यांना सगळं."

"सांगून बघा," इम्तियाज म्हणाला.

त्यांनी तासभर सांगितलं. पाठराब्यांनी सगळं सौजन्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे लेखी कुठं आहे?" चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा एकच धर्म होता: नोंदीत नाही ते घडलं नाही.

ज्योत्स्नाबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कागद द्या. चरित्रच लिहिते. त्यांना तेच समजतं."

डॉ. मेश्राम यांनी अटी सांगितल्या. मजकूर पाठराब्यांच्याच तोंडी असावा, त्यांनी तो मोठ्यानं वाचावा, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य खरं असावं. तसं प्रतिज्ञापत्र त्यांनी सहीसाठी पुढं केलं.

प्रयोगशाळेच्या उपाहारगृहात बसून ज्योत्स्नाबाईंनी दोन दिवस लिहिलं. हेमंत पाठराब्यांचा जन्म, शाळा, लघुलिपीची परीक्षा, लग्न. हाडाच्या प्राध्यापक असल्यामुळं त्यांनी तळटीपाही दिल्या. लग्नानंतरच्या सहाव्या वर्षापाशी मात्र हात अडला.

त्या वर्षी त्यांना देहरादूनच्या वनस्पती-संशोधनाची दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली होती. पाठराबे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले होते, "अधिवेशन तोंडावर आहे, घर कोण बघणार?" बाईंनी नकाराचं पत्र पाठवलं. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. अडतीस वर्षं ज्योत्स्नाबाईंच्या मनात तो ठसठसत होता. परक्या देशातल्या, दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या बाईच्या एकटेपणानं ज्याचा गळा दाटून येतो, त्याला स्वतःच्या घरातलं दिसू नये, याचा त्यांना भयंकर राग होता.

त्यांनी पेन्सिल टेकवली आणि लिहिलं: 'दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तिला म्हणालो, माझं चुकलं, ज्योत्स्ना.'

अख्ख्या चरित्रात खोटं वाक्य तेवढंच. त्यांनी प्रतिज्ञापत्रावर सही केली.

वाचन सुरू झालं तेव्हा ओलकाळाचे दहा तास उरले होते. पाठराबे खणखणीत वाचत होते, मधूनच स्वल्पविराम दुरुस्त करत होते. इम्तियाजच्या पडद्यावर एकेक ठिपका उजळत होता. देहरादूनच्या पानावर ते थांबले.

"बाई, याला आधार? बाकी सगळीकडे तळटीप आहे, इथं नाही."

"तुमच्या पत्नी तिथं होत्या," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"म्हणजे साक्षीदार एकच."

"एकच."

पाठराब्यांनी विचार केला. "चालेल. आमच्या सभागृहात कधी कधी तेवढाही नसायचा." आणि त्यांनी ते वाक्य वाचलं. 'माझं चुकलं, ज्योत्स्ना,' असं म्हणताना त्यांचा आवाज कापला. पडद्यावर ठिपका उजळला.

शेवटच्या प्रकरणात ते पान आलं. 'मी रडत होतो. ज्योत्स्नानं पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं आणि मिटलं. म्हणाली, पुरे आता, मी इथं बसलेय.' पाठराब्यांनी कागद खाली ठेवले. समोर बसलेल्या बाईंकडे त्यांनी निरखून पाहिलं.

"अगं, तू," ते म्हणाले. "तू इथंच बसलीयेस की."

ज्योत्स्नाबाईंनी त्यांचा हात धरला आणि मोकळेपणी रडून घेतलं. इम्तियाजनं उगाचच यंत्राच्या मागं जाऊन तारा तपासल्या.

"काकू, आता एक पथ्य," बाहेर आल्यावर डॉ. मेश्राम म्हणाल्या. "यातलं एकही वाक्य त्यांच्यासमोर खोटं ठरवायचं नाही. आजच नाही, कधीच नाही. एक टाका उसवला की सगळं उसवेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योत्स्नाबाई चहा घेऊन खोलीत गेल्या. पाठराबे खिडकीशी बसून चरित्राची पानं चाळत होते. चेहरा उतरलेला होता.

"काय झालं हो? बरं वाटत नाही का?"

"बरं आहे. पण ज्योत्स्ना, एक विचारू? वाचताना सगळं समोर उभं राहिलं म्हणून विचारतो." त्यांनी देहरादूनच्या पानावर बोट ठेवलं. "त्या सकाळी मी माफी मागितली. तू काहीच बोलली नाहीस. इथंही तू पुढचं लिहिलेलं नाहीस."

ज्योत्स्नाबाईंनी चहाचा कप खिडकीत ठेवला.

"उशीर झाला होता," त्या कशाबशा म्हणाल्या.

"उशीर? अगं, दुसऱ्याच दिवशी मागितली होती! सकाळीच!" पाठराब्यांचे डोळे भरून आले होते, अगदी अबिगेलच्या वेळी आले होते तसे. "त्यानंतर अडतीस वर्षं मी वाट बघतोय. चूक माझी होती, कबूल. पण माणूस माफी मागतो, तेव्हा त्याला हो किंवा नाही, काहीतरी सांगावं. इतकी वर्षं तुझ्या मनात काय होतं, हे मला कधी कळलंच नाही."

खोटं होतं ते ज्योत्स्नाबाईंनीच लिहिलेलं होतं, आणि आता ते सांगायची सोय उरली नव्हती. समोरच्या माणसाची अडतीस वर्षांची वाट मात्र खरीखुरी होती. पडद्यावर त्या माफीचा ठिपका उजळलेला त्यांनी स्वतः पाहिला होता.

"सांग ना," पाठराबे म्हणाले. पानावर रिकामी जागा बघून त्यांनी पेन्सिल टेकवली होती. "नोंद अपुरी राहायला नको."

"माझं चुकलं," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

पाठराब्यांनी शब्दन् शब्द उतरवून घेतला.