डाव्या बाजूची शिवण

आमची पहिली भेट झाली तेव्हा त्याच्या गाडीचं पुढचं चाक माझ्या चामड्यावर होतं.

साधंसुधं चामडं नव्हे. सकाळपासून अंगणात ऊन खात पडलेलं, खडूने सगळे तुकडे आखून तयार केलेलं, बदामी रंगाचं, एकही डाग नसलेलं. मी आतून कात्री घेऊन आले आणि पाहते तर मधोमध टायरची काळी नक्षी. तळपायाची आग मस्तकात गेली.

"मागे घ्या! अहो, पुढे नाही... मागे!"

गाडी आधी दोन बोटं पुढे आली आणि मग मागे गेली. लांब, भारदस्त, बऱ्यापैकी जुनी पण जपलेली सेडान. काच खाली झाली. आत चष्मा लावलेला एक तरुण.

"रस्त्यात चादरी वाळत घालायच्या असतील तर—"

"हा रस्ता नाही, आमचं अंगण आहे. आणि ही चादर नाही."

"बरं, चुकलं माझं. कारागीर आहेत का आत?"

"कारागीर तुमच्यासमोर उभी आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या कात्रीकडे, मग पुन्हा माझ्याकडे... जरा जास्तच वेळ. त्याचाही मला राग आला. तेवढ्यात मागच्या सीटवरून कुणीतरी खळखळून हसलं.

"गाडी हिच्याकडेच द्यायची. चामड्याचं जिला इतकं दुखतं, ती माझ्या गुडघ्यांची नक्की काळजी घेईल."

ती त्याची आत्या. गाडी तिचीच होती. वीस वर्षं तिने स्वतः चालवली, आता गुडघे साथ देत नव्हते म्हणून मागे डाव्या बाजूला बसायची आणि भाचा चालवायचा. तिचं मागणं ऐकून मी राग विसरले, इतकं ते मला पटलं. मागची सीट दोन बोटं उंच. मांडीखाली जरा मऊ. मध्ये हात टेकायला रुंद कठडा. दाराशी उतरताना धरायला चामड्याचा पट्टा. आणि खालच्या पत्र्यावर जाड अस्तर, म्हणजे रस्त्याचा आवाज आत यायला नको.

"पण एक लक्षात ठेव," आत्या म्हणाली, "बाहेरून बघणाऱ्याला काही केलंय असं वाटता कामा नये. बसणाऱ्याला मात्र कळलं पाहिजे."

बाबांचा गाड्यांच्या सीट शिवायचा कारखाना. चार मशीन, एक लांब टेबल, आणि टेबलावर बाबांची मोठी कात्री. ती कात्री ज्याच्या हाती, चामडं कापायचा शेवटचा शब्द त्याचा. या वर्षी बाबा ती सोडणार होते. मला देणार की मिस्त्रींना, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. मिस्त्री बाबांच्या बरोबरीने कामाला लागलेले, मी दहा वर्षांची असल्यापासून उसवायला बसलेली. मला ती कात्री हवी होती. इतकी हवी होती की झोपेतसुद्धा माझी बोटं हलायची, असं आई सांगायची.

गाडी आठ दिवस आमच्याकडे होती. तो जनावरांचा डॉक्टर होता, दवाखाना पाच मिनिटांवर. रोज दुपारी हा हजर.

"दोन टाक्यांत अंतर जास्त नाही वाटत?" त्याने एकदा विचारलं.

"कुत्र्याच्या पोटावर तुम्ही किती ठेवता?"

"याच्या निम्मं."

"मग कुत्रा घेऊन या, निम्मं ठेवते."

तो हसला. हसला की चष्मा नाकावरून घसरायचा, आणि तो वर करायला बोट न वापरता नाकच वर ओढायचा. मी ते बघत नव्हते... म्हणजे, बघत नाही असं दाखवत होते.

माझ्याकडची अर्धगोल सुई त्याने उचलून धरली. "अरे, ही तर आमची!"

"आमची. तुम्ही उसनी नेली असेल."

"माझे पेशंट टाके चाटून टाकतात. तुमचं बरं आहे."

"माझे पेशंट परत येत नाहीत, डॉक्टर."

हे बोलले आणि तिथेच दृष्ट लागली.

गाडी नेल्यावर नवव्या दिवशी तो परत आला. मागची सीट, डावी बाजू, कठड्याजवळची शिवण चार बोटं उघडी. या वेळी चिडलेला तो होता. "मी लोकांना कौतुकाने दाखवत होतो हो!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी शिवण सुटली? मी उरलेले टाके भराभर ओढून काढले आणि पुन्हा शिवली. बाबा लांबून बघत होते.

दहा दिवसांनी पुन्हा तेच. तीच जागा. मी जाड दोरा घेतला, दुहेरी शिवण घातली, दातओठ खात. गंमत म्हणजे या वेळी तो अजिबात चिडला नव्हता. स्टुलावर बसून मला त्याच्या दवाखान्यातल्या पोपटाच्या गोष्टी सांगत होता. पोपट मालकिणीच्या आवाजात मालकाला हाक मारायचा आणि तो बिचारा धावत यायचा. मी हसले. स्वतःच्या नामुष्कीवर बसून मी चक्क हसत होते, आणि तो माझ्याकडे असा बघत होता की मी सुई बोटात टोचून घेतली.

"आता नाही सुटणार," मी म्हटलं.

"नाही सुटली तर..." तो थांबला. "म्हणजे, चांगलंच आहे."

आणि तिसऱ्यांदा गाडी अंगणात आली तेव्हा बाबा स्वतः बाहेर आले आणि मागच्या सीटवर वाकले.

आमच्याकडे एक नियम आहे. आजोबांपासूनचा. तीनदा परत आलेलं काम ज्याच्या हातचं, तो हात वर्षभर मशीनला लागायचा नाही. त्याने उसवायचं काम करायचं. डॉक्टर गाडी ठेवून गेल्यावर बाबांनी माझ्या मशीनवर कापड टाकलं.

"बाबा, मी दुहेरी शिवण घातली होती."

"सुटली ना पण?"

"एकदा माझं ऐका तरी—"

"मुलगी म्हणून नियम वाकवला तर उद्या मिस्त्री माझ्या तोंडावर बोलतील. आणि बरोबर बोलतील."

मिस्त्री बोलले नाहीत, फक्त मान हलवली. ते जास्त लागलं. मी ब्लेड घेऊन कोपऱ्यात बसले आणि जुन्या सीट उसवायला लागले. राग इतका होता की समोरचं धड दिसत नव्हतं. बाबांचा राग, मिस्त्रींच्या मानेचा राग, त्या गाडीचा, त्या चष्म्याचा, पोपटाचासुद्धा.

तीन दिवस मी उसवत होते. हजारो टाके. जिथे दोरा ओढून तुटतो तिथे त्याचं टोक पिंजतं, दाढीसारखं. जिथे ब्लेड लागतं तिथे टोक सपाट. बोटांना हे दहाव्या वर्षापासून माहीत होतं. तिसऱ्या दुपारी माझा हात मध्येच थांबला.

मी उठले. ती गाडी अजून अंगणात उभी होती, ती शिवण आता मिस्त्री उद्या घालणार होते. मागचं दार उघडलं, गुडघ्यावर बसले आणि पहिल्यांदाच त्या शिवणीकडे नीट पाहिलं. आधी दोन्ही वेळा शरमेने मी बघण्याआधीच ओढून काढली होती.

सगळी टोकं सपाट होती.

मी सहा दोरे कागदाच्या पुडीत घेतले आणि निघाले. त्याच्या दवाखान्यात टेबलावर एक भलं मोठं कुत्रं आडवं पडलं होतं आणि तो त्याच्या पायाचे टाके काढत होता.

"अरे, तुम्ही! बसा ना, दोन मिनिटं—"

"मी बसायला आलेली नाही." पुडी त्याच्या ट्रेमध्ये उघडली. "हे काय आहे?"

त्याने पाहिलं. चष्मा घसरला. त्याने तो वर केला नाही.

"तुम्ही दिवसभर टाके कापता. तुटलेला दोरा कुठला आणि कापलेला कुठला, हे तुम्हाला कळत नाही असं मला सांगू नका."

"आत्या..." तो हळू म्हणाला. "तिच्या पर्समध्ये छोटी कात्री असते. मी तिला विचारलं, तर म्हणाली, तुला त्या मुलीकडे जायला स्वतःहून कारण सुचणार नाही, म्हणून मी दिलं."

"आणि तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

कुत्र्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"दुसऱ्या वेळेपासून," तो म्हणाला.

"आणि गप्प बसलात?"

"हो. कारण शिवण सुटायची थांबली असती तर मी कुठल्या तोंडाने आलो असतो? तुम्ही शिवताना खालचा ओठ दाताखाली धरता. शेवटचा टाका झाला की सोडता. ते बघायला... मला ते बघायला आवडायचं. तुम्ही मला आवडता. झालं. सांगून टाकलं."

असं कुणी मला कधी म्हटलं नव्हतं. आणि म्हटलं ते नेमकं अशा वेळी, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं की कशाचं, मलाच कळेना.

"तुमची गाडी तीनदा परत आली म्हणून माझं मशीन बंद केलंय. वर्षभरासाठी. दहा वर्षांची होते तेव्हापासून ज्याची वाट बघतेय, ते आता मिस्त्रींना मिळणार. तुम्हाला माझा ओठ दिसला, डॉक्टर. माझं काम नाही दिसलं."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "हे मला माहीत नव्हतं. देवाशपथ. मी आत्ता येतो, तुमच्या बाबांना—"

"आधी त्या कुत्र्याचे टाके काढा. माझ्यासारखं त्यालाही अर्धवट ठेवू नका. उद्या सकाळी या, सगळे कारागीर असतील तेव्हा. आणि आत्यांना आणा."

सकाळी ते आले. सगळी मशीनं थांबली. त्याने आढेवेढे न घेता सगळं सांगितलं, स्वतःच्या गप्प बसण्यासकट. मान खाली, पण आवाज स्पष्ट. मग आत्या पुढे आली. पर्समधून बोटाएवढी कात्री काढली आणि बाबांच्या लांब टेबलावर ठेवली.

"मी तीस वर्षं शाळेत शिवण शिकवलं," ती म्हणाली. "आधी सुईने टाका उचकटून बघितला. हलेना. नखाने बघितलं. हलेना. दुसऱ्या वेळी तर सुई मोडली माझी. म्हणून कापावं लागलं. असा हात मी आयुष्यात दोनदा पाहिला. लेकरा, मला माफ कर. तुझ्यावर असं संकट येईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं."

मिस्त्री उठले, गाडीकडे गेले, वाकून बराच वेळ शिवण बघत राहिले. परत आले आणि माझ्या मशीनवरचं कापड त्यांनीच ओढून काढलं.

मला थांबता आलं असतं. पण राग उरला होता, आणि तो सगळ्यात आतला होता.

"बाबा, परक्यांचं जाऊ द्या. तुम्ही का नाही पाहिलं? तुम्ही सीटवर वाकला होतात. दोऱ्याचं टोक तुम्हाला दिसलं नाही?"

बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला.

"नाही दिसलं," ते म्हणाले. "हल्ली नाही दिसत. म्हणून तर कात्री सोडतोय."

बाबांनी टेबलावर हात फिरवत मोठी कात्री शोधली, उचलली आणि मूठ माझ्याकडे करून धरली. ती माझ्या अंदाजापेक्षा जड होती.

"आणि ही शिवण?" मिस्त्रींनी विचारलं. "मी घेऊ का?"

"नाही," मी म्हटलं. अर्धगोल सुई डॉक्टरच्या हातात दिली. "ज्यांनी उघडी ठेवली त्यांनी बंद करायची."

तो दोन तास मागच्या सीटवर गुडघ्यावर बसून शिवत होता. घाम गाळत. शिवण वाकडी आली, मधल्या दोन गाठी तर लांबूनही दिसत होत्या.

"हे बाहेरून दिसतंय," आत्या कुरकुरली.

"दिसू दे," मी म्हटलं. "ती तशीच राहील."

तो हात पुसत माझ्याजवळ आला. "अजून रागावलात?"

"खूप."

"मग मी... परत नाही यायचं का?"

मला तो आवडत होता, आणि त्या घडीला मला सगळ्यात जास्त राग त्याचाच होता. तरी मी खरंच सांगितलं.

"यायचं. पण गाडी मोडून नाही, कारण शोधून नाही. नुसतं यायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात नवीन चामडं अंथरलं होतं, गडद तपकिरी, मोठ्या कात्रीने कापायचं पहिलंच. फाटकाबाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. मी मान वर केली नाही. तो बूट काढून हातात घेऊन, भिंतीला पाठ लावून, चामड्याच्या कडेकडेने आडवा चालत माझ्यापर्यंत आला.

"काय काम होतं?" मी विचारलं.

"काहीच नाही," तो म्हणाला.

मी त्याच्या हातात खडू दिला आणि चामड्याचं दुसरं टोक धरायला सांगितलं.