न गाळलेली बाटली

बियरमधला गाळ कमांडर रणजित घोरपड्यांना डोळ्यांसमोर नको असे. ‘भारद्वाज’ यान मंगळाच्या वाटेला लागून तीन महिने झाले, तेव्हा यानाची जीवशास्त्रज्ञ वैजयंती निमसे हिने पावाच्या यीस्टवर बारा बाटल्या बियर आंबवली. प्रत्येक बाटलीत पांढरट पुंजके तरंगत होते. यीस्टच्या पेशी एकमेकींना चिकटल्या की असे पुंजके होतात आणि पृथ्वीवर ते तळाशी बसतात. इथे कशालाच वजन नव्हतं, त्यामुळे पुंजके जिथल्या तिथे लटकून राहिले होते.

“निमसे, हे डबक्यातलं पाणी आहे की पिण्याची वस्तू?” कमांडर म्हणाले. “सांडलं तर हवेच्या जाळ्या तुंबतील. सगळ्या बाटल्या गाळून घ्या.”

वैजयंतीने अकरा गाळल्या. बारावीला तिचा हात होईना. नाशिकच्या एका आंबवणघरात तिने आठ वर्षं काढली होती आणि गाळलेल्या बियरला तिथे कुणी बियर म्हणत नसे. ती बाटली तिने आपल्या झोपण्याच्या कप्प्यात, जाळीमागे बांधून ठेवली. बांधली तीही उभी. यानात इंजिनाकडच्या भिंतीला सगळे जमीन म्हणत, कारण उड्डाणाच्या वेळी तीच खाली होती. बाटलीचं बूड त्या जमिनीकडे आणि तोंड यानाच्या नाकाकडे.

“अगं बाई, इथं उभं काय नि आडवं काय?” इंजिनियर फिलोमिना तुस्कानो हसून म्हणाली. ती वसईची. तिला हे गुपित ठाऊक होतं आणि त्यातला अर्धा वाटाही तिने आधीच मागून ठेवला होता.

“बाटली उभीच ठेवायची असते,” वैजयंती म्हणाली. “हाताला सवय आहे.”

चार दिवसांनी तिघंही शीतनिद्रेत गेली. एकाहत्तर दिवसांची झोप. तेवढ्या काळात आयनझोत इंजिन यानाचा वेग हळूहळू कमी करणार होतं आणि मंगळाजवळ ठरलेल्या जागी अवकाशस्थानकाचं ओढयान त्यांना पकडून नेणार होतं.

जाग आली ती ठरल्या दिवशीच, कारण शीतनिद्रेचं घड्याळ स्वतंत्र होतं. हवा आणि दिवे सोडले, तर बाकी सगळं मेलं होतं. मध्येच केव्हातरी सूर्यावरून मोठं वादळ येऊन गेलं होतं. मुख्य संगणकाची स्मृती पुसली गेली होती, रेडिओ मुका होता, बाहेरचे कॅमेरे आंधळे झाले होते. प्रारणांपासून बचाव म्हणून यानाला एकही खिडकी ठेवलेली नव्हती.

“इंजिन बंद आहे,” फिलोमिना तारांच्या जंजाळातून डोकं बाहेर काढून म्हणाली. “काम संपवून बंद झालं की वादळाने मध्येच पाडलं, कळायला मार्ग नाही. इंधनाचा मापकही त्याच संगणकावर होता.”

“सुरू तरी झालं होतं?” कमांडरांनी विचारलं.

“झालं होतं. सुटलेले दोन स्क्रू जमिनीला टेकलेले सापडले. पण किती दिवस चाललं, ते स्क्रू कुठं सांगणार?”

कमांडरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. गोष्ट सरळ होती आणि म्हणूनच भयंकर होती. इंजिन मध्येच बंद पडलं असेल तर यानाचा वेग अजून जास्त होता. मग सहा तासांच्या आत आपत्कालीन रॉकेटं पेटवायला हवीत, नाहीतर मंगळ मागे टाकून ते कायमचे काळोखात निघून जाणार. पण इंजिनाने पूर्ण एकाहत्तर दिवस काम केलं असेल आणि रॉकेटं उगाच पेटवली, तर यान ठरल्या जागेपासून इतकं दूर फेकलं जाईल की ओढयानाला ते सापडणारच नाही. रॉकेटं एकदाच पेटणारी होती. बाहेर जाऊन बघावं, तर झोपेतून उठलेल्या शरीरांत अंतराळपोशाख चढवण्याचंही त्राण नव्हतं.

चार तास तिघांनी डोकं फोडून घेतलं. हाती काही लागलं नाही.

वैजयंती आपल्या कप्प्यात आली. तिला रडू येत होतं आणि रडायची लाजही वाटत होती. मरायचंच असेल तर तिघांनी निदान ती बाटली तरी प्यावी, असं तिच्या मनात आलं. तिने जाळीत हात घातला. बियर उघडण्याआधी बाटली दोन्ही तळव्यांत लोळवायची, गाळ मिसळू द्यायचा, ही आंबवणघराची रीत. तळवे बाटलीला टेकलेही.

आणि तिथेच थांबले.

बाटली छान दिसत होती. बुडाशी गाळाचा जाड थर, वर धूसर पिवळी बियर. नाशिकच्या फळीवर रोज दिसायची तशीच. इतकी तशीच, की त्यात काही वावगं आहे हे कळायला तिला वेळ लागला. चार दिवस ढगासारखा लटकलेला गाळ खाली बसला होता!

“फिलो! सर! इकडे या! हळू या, कप्प्याला धक्का लावू नका!”

दोघं आली. कमांडरांनी बाटलीकडे पाहिलं, मग वैजयंतीकडे. ही बाटली गाळलेली नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. “उघडण्याआधी लोळवून गाळ मिसळायचा असतो, तेच करणार होते, तेवढ्यात हे दिसलं,” तिने सांगितलं.

“इंजिन चालू असताना वस्तूंना किती वजन येतं?” वैजयंतीने विचारलं.

“पृथ्वीवरच्या दहा हजाराव्या भागाइतकं,” फिलोमिना म्हणाली. “पण गाळ बसला यातून नवीन काय कळलं? इंजिन सुरू झालं होतं, हे स्क्रूंनी सांगितलंच की.”

“मोठे पुंजके सोड, ते कधीच बसले. बारीक बघ. ते अजून वाटेत आहेत. वरून इथपर्यंत एकही नाही आणि या रेषेच्या खाली सगळीकडे आहेत. इंजिन चालू होतं तोवर ही रेषा खाली सरकत होती. ज्या दिवशी बंद पडलं, त्या दिवशी जिथल्या तिथे थांबली.”

फिलोमिनाचे डोळे विस्फारले. “म्हणजे हे घड्याळच झालं! पण ते किती वेगाने चालतं, हे कुठे माहीत आहे?”

“मला माहीत आहे. बियर तीच, पावाचं यीस्ट तेच, तापमान तेच. नाशिकला रोज एक बाटली घुसळून उभी करायची आणि दहा मिनिटांनी बारीक पुंजके किती खाली गेले ते बघायचं. बरोबर चार बोटं गेले तरच माल पास, कमी नाही नि जास्त नाही. आता तू दिवसांचं गणित कर.”

फिलोमिनाने मनातच हिशेब मांडला. “वजन दहा हजारपट कमी, तर वेळ दहा हजारपट जास्त. एकाहत्तर दिवसांची मिनिटं एक लाख दोन हजार दोनशे चाळीस. भागिले दहा हजार...” ती थांबली. “दहा मिनिटं. जेमतेम तेरा सेकंद जास्त. वैजू, इंजिन पूर्ण चाललं असेल तर चार बोटं भरली पाहिजेत!”

कमांडर पुढे झुकले. त्यांनी आपला रुंद हात बाटलीला न टेकवता धरला आणि बियरच्या वरच्या कडेपासून एकेक बोट मोजलं. एक, दोन, तीन. तिसऱ्या बोटाखाली थोडी जागा उरली आणि रेषा आली.

“तीन आणि वर थोडं,” ते म्हणाले.

“अठ्ठावन्न, एकोणसाठ दिवस,” फिलोमिना पुटपुटली. “मध्येच बंद पडलं.”

कमांडर सरळ झाले. “तासभर उरलाय. रॉकेटं तयार करा.” आवाजात कंप नव्हता, पण चेहरा उतरला होता. फिलोमिना वळलीसुद्धा.

वैजयंती अजून बाटलीकडेच बघत होती. तीन? तीन आकडा तिने कुठे ऐकला होता? मग तिला आंबवणघराचे कचरूअण्णा आठवले, त्यांचे ते केळ्यांसारखे जाड पंजे आठवले. पहिल्याच आठवड्यात तिने त्यांचं पाहून तीन बोटं मोजली होती आणि चांगला माल नापास करून बसली होती. ‘माझी बोटं कशाला धरतेस पोरी?’ अण्णा ओरडले होते. ‘ज्याच्या हाताचं माप त्याच्या हाताला. माझी तीन भरतात, तुझी चार भरतील.’

“सर, थांबा! तुमची बोटं चालायची नाहीत. चार बोटं म्हणजे माझी चार. आठ वर्षं मी ह्याच हाताने मोजलंय.”

तिने हात पुढे केला. एक. दोन. तीन. करंगळी तिने शेवटी जुळवली आणि डोळे उघडे ठेवायचं धाडस केलं. करंगळीच्या खालच्या कडेला, अगदी लागून, पहिला बारीक पुंजका तरंगत होता.

“चार,” ती म्हणाली आणि आता मात्र तिला रडू आवरलं नाही.

कमांडरांनी तिच्या बोटांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. “रॉकेटं राहू द्या,” ते म्हणाले.

सहा तासांची मुदत टळून गेली. पुढचे नऊ तास तिघं त्या कप्प्यातच, पट्ट्यांनी स्वतःला बांधून, बाटलीसमोर बसून राहिली. निर्णय बरोबर होता हे गणित सांगत होतं, पण जिवाला गणित पटत नव्हतं. फिलोमिना ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणत होती. कमांडर मध्येच हात उघडून आपली बोटं बघत.

“सर,” वैजयंती एकदम म्हणाली. “गाळ.”

बुडाशी घट्ट बसलेला थर फुगला होता. त्यातून एक पांढरा लोट सुटला आणि सावकाश वर निघाला, बाटलीच्या तोंडाकडे. मागोमाग दुसरा. बघता बघता सगळा गाळ बूड सोडून वर चढू लागला.

“गाळ उलटा का चाललाय?” कमांडरांनी विचारलं.

फिलोमिनाने दोन्ही हात तोंडावर घेतले. “आपलं इंजिन बंद आहे. तरी यानाचा वेग बदलतोय, कुणीतरी नाकाला धरून आपल्याला इंजिनाच्या दिशेने रेटतंय. सर, ओढयान! त्यांनी आपल्याला धरलंय!”

बांधून बसलेल्या तिघांना तो हलका रेटा जाणवलाही नव्हता. तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, तेव्हा पट्टे सोडायचंही कुणाला सुचलं नाही. फिलोमिना एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. वैजयंतीला तर कित्येक तासांनी पहिल्यांदाच मोकळा श्वास घेता आला.

बऱ्याच वेळाने कमांडरांनी घसा खाकरला.

“निमसे, मी सगळ्या बाटल्या गाळायला सांगितल्या होत्या.”

“हो सर.”

“एक राहिली.”

“राहिली सर.”

“स्थानकावर पोचलो की उघडा.” त्यांनी नाक पुसलं. “आणि ते लोळवायचं काय असतं, ते नीट करा. गाळ सगळ्यांना सारखा आला पाहिजे.”