डाव्या बाजूचे सहा बोल्ट

विश्वास ठेवायचा तर ठेवा. पण ही गोष्ट सांगताना आमचे मामा आजही आवाज खाली आणतात. आणि मामा म्हणजे भुताचं नाव काढलं की पोट धरून हसणारा माणूस!

दिवस रविवार. दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन. मामांच्या गॅरेजचं शटर अर्धं ओढलेलं.

आत लिफ्टवर एक लाल स्पोर्ट्स कार चढवलेली होती. त्याच एका तक्रारीसाठी तिसऱ्यांदा आलेली.

इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा लोखंडी दांडा असतो, ड्राइव्हशाफ्ट. तो गिअरबॉक्सला सहा बोल्टांनी जखडलेला असतो. या गाडीचे डावीकडचे सहा बोल्ट दर आठवड्याला ढिले व्हायचे.

उजवीकडचा एकही नाही.

मालक शर्यतीत गाडी पळवणारा. डोक्यात कायम निखारा. "आता सुटले तर तुमचं टाळकं फोडीन," असं तो मामांना तोंडावर म्हणाला होता.

मामांनी काही म्हणता काही सोडलं नव्हतं. ग्रीस पुसलं. आटे घासले. बोल्ट नवे घातले, तेही लांबी मोजून. आटे धरून ठेवणारा डिंकासारखा द्राव लावला. आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्कच्या पान्याने मापात आवळले. शेवटी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत एक पिवळी रेघ ओढली. बोल्ट केसभर फिरला तरी रेघ तुटणार.

मग मालकाला शेजारी बसवून स्वतः दहा किलोमीटर गाडी पिदडली. परत लिफ्टवर घेतली.

सहाही रेघा सरळ.

"बघा, भाऊजींच्या हातापुढे बोल्टाची काय बिशाद!" मामीचे भाऊ म्हणाले. हे मेहुणे गॅरेजात मामांचे भागीदार. "मी चहा घेऊन येतो." ते गेले. मालक फोनवर बोलत मागच्या अंगणात गेला. किल्ली त्याने परत घेऊन खिशात टाकलेली.

मामा गाडीखाली एकटेच उरले.

आणि तेवढ्यात...

किर्र...

मामांनी वर पाहिलं. इंजिन बंद. चाकं स्थिर.

किर्र... किर्र...

पहिली रेघ तुटली होती.

त्यांच्या डोळ्यांदेखत बोल्ट फिरत होता. सावकाश. कुणीतरी पाना लावून फिरवावा तसा.

पण पाना नव्हता. कुणीच नव्हतं.

मामांना घाम फुटला. तरी हाडाचा कारागीर! त्यांनी पाना उचलला, बोल्टावर चढवला आणि सारी ताकद लावून धरून ठेवला.

पलीकडून हिसका बसला.

कडाड्...

मनगट मोडलं. मामा फेकले गेले आणि भिंतीवर आपटले. त्यांची किंकाळी ऐकून मालक धावत आला.

"काय झालं?"

मामांनी डाव्या हाताने वर बोट दाखवलं. दुसरा बोल्ट फिरत होता...

मालकाचा चेहरा पांढराफटक पडला.

"तिथेच... तिथेच हात घातला होता त्याने," तो पुटपुटला.

"कुणी?"

"माझ्या आधीच्या मेकॅनिकने. शर्यतीला उशीर होत होता. मी म्हटलं, नीघ बाहेर. तो म्हणाला, थांबा, एक बोल्ट राहिलाय. माझं डोकं फिरलं."

"मग?"

"मी गाडी सुरू केली."

टण्ण... एक बोल्ट फरशीवर पडला. मग दुसरा. तिसरा. चौथा.

"मेलास ना तू!" मालक पिसाळल्यासारखा ओरडला. हातोडा उचलून गाडीखाली शिरला आणि शाफ्टवर घाव घालू लागला. "मेलास ना! मग मर की!"

मामा ओरडले, "बाहेर या, अहो, बाहेर या!"

इंजिन सुरू झालं.

किल्ली मालकाच्या खिशात होती. गाडीत कुणी नव्हतं. तरी इंजिन डरकाळलं, आणि उरलेल्या दोन बोल्टांवर लटकलेला तो दांडा गरगरा फिरत सुटला. पहिल्या फटक्यात मालकाचा हात खांद्यापासून लोंबला. दुसरा फटका जबड्यावर बसला. रक्ताची चिळकांडी छतापर्यंत उडाली. तिसऱ्या फटक्याला ओळखण्यासारखं तोंडच उरलं नाही.

मग इंजिन आपोआप बंद पडलं.

सगळं शांत झालं. फक्त टप्... टप्...

मेहुणे शटरखालून वाकून आत आले आणि त्यांच्या हातातली किटली गळून पडली. मामांना भिंतीपासून उठवत त्यांनी विचारलं,

"भाऊजी... आत्ता इथून बाहेर गेला तो कोण?"

"कोण गेला?"

"फडक्याला हात पुसत होता. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाला, झालं काम."

मामांनी शटरकडून कुणालाही जाताना पाहिलं नव्हतं.

पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली. गाडी कुठे गेली, ते मामांनी कधी विचारलं नाही. मनगट जुळलं, पण बोटांत पूर्वीचा जोर आला नाही. आता गाडीखाली मेहुणे जातात. मामा किल्ली मुठीत घेऊन बाजूला उभे राहतात.

एक प्रश्न मात्र त्यांना आजही छळतो.

तो हिसका बसला नसता, तर मामा त्या दांड्याखालीच असते. मग त्या मेलेल्या मेकॅनिकने त्यांना वाचवायला बाजूला फेकलं...

की आधी त्यांचाच नंबर होता, आणि नेम चुकला?