शालनच्या नावावर एक कणीस

मंगळवेढ्याच्या स्मृतिकोश केंद्रात स्वप्नालीच्या डोक्यावरचा वेधमुकुट उतरवला, तेव्हा पडद्यावर तिच्या आईच्या, शालनच्या, चौदा आठवणी होत्या. चौदाही तांबड्या.

"तांबडी म्हणजे बाद," डॉ. मुजावर म्हणाल्या. "तीच आठवण दुसऱ्याही डोक्यात सापडली, तरच कोश ती धरतो."

"आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची. वडील, अण्णा, तेही गेले. दुसरं डोकं आणू कुठनं?"

दुपारी चारला त्यांच्या लवटे घराण्याचा कोश कायमचा मिटणार होता; नंतर नवी नोंद नाही. मग घराण्याच्या शेतात शालन नावाची बाई राबलीच नव्हती, असं ठरणार.

"अक्का, माझ्या आईच्या एकशेचाळीस जुळल्यात," सावत्र भाऊ वैभव म्हणाला. "दहा देऊ का उसन्या?"

स्वप्नाली हसली नाही.

शेवटी खुर्चीत बसली त्याची आई, रंजनामावशी. "मी शालनला फोटोतच बघितलंय गं. माझ्या डोक्यात काय घावणार?"

"बघू तर," डॉक्टर म्हणाल्या. "मेंदू दर खेपेला आठवण नव्यानं रचतो. एखादी गोष्ट वर्षानुवर्षं ऐकली, की ती बघितल्यासारखीच दिसायला लागते. यंत्राला दोन्ही सारखंच."

चारला दहा मिनिटं कमी असताना एक पंधरावी ओळ उमटली, मावशीच्या आणि स्वप्नालीच्या डोक्यांत जुळलेली. हिरवी! हुरड्याची आगटी, धूर, आणि पहिलं कणीस चोळून लेकीच्या ओंजळीत दाणे ओतणारी शालन.

"बघा!" मावशी खुलली. "तिची ही रीत मी कधी मोडली नाही."

"आणि मी पन्नास वर्षं दुसऱ्या कणसावर काढली," वैभव म्हणाला.

 स्वप्नालीनं डॉक्टरांना बाहेर ओढलं.

"आईनं असं कधीच केलं नव्हतं," ती कुजबुजली. "मावशी वैभवला घेऊन घरात आली, त्या वर्षी पहिलं कणीस त्याच्याकडं निघालं होतं. मी तिथंच थाप मारली, माझी आई पहिलं मला द्यायची म्हणून. मग दर हुरड्याला तेच सांगत गेले. आता मलासुद्धा तो धूर दिसतो. पण थाप मारलेलीही आठवतीय. तीही शोधा."

डॉक्टरांनी हातातल्या पाटीवर शोधलं. "सापडली. अगदी लख्ख. पण तुमच्या एकटीच्याच डोक्यात." थापेची ओळ तांबडी उमटली. "बाद."

"मग ती हिरवी?"

"नको असेल तर इथं अंगठा द्या, पुसते. मात्र शालनबाईंच्या नावावर काहीच उरणार नाही."

चारला दोन मिनिटं होती. आतून मावशी वैभवला बजावत होती, "यंदाही पहिलं तिचंच हां!"

स्वप्नालीनं अंगठा मुठीत दाबून धरला. कोश मिटेपर्यंत.