भागोजीचं पार्टिशन

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. महाडबाहेर रंगाच्या एका कारखान्यात युनिक्सवर चालणारं कॉम्प्युटरचं मशीन होतं. त्यावर स्टोअरच्या हिशेबाचं पॅकेज नव्यानं बसवायला मला मुंबईहून धाडलं होतं. एका दुपारचं काम. पण महाडची दमट हवा, पॅकेजच्या टेपवर बुरशी धरलेली. मी कपाळाला हात लावला.

मशीनवर चंद्रभागा बसायची. पोलादपूरची, घरी एकटीच राहणारी. तिचा नवरा भागोजी आधी इथला ऑपरेटर. तो आंबेनळी घाटात ट्रकखाली सापडून गेला, तेव्हा त्याची जागा तिला मिळाली. त्यानं डिस्कचे दोन भाग पाडले होते, एका घरात भावांनी मधे भिंत घालावी तसे. पॅकेजची एक प्रत त्याच्या बाजूला पडून होती. ती बाजू जोडून घेतली की तिथून इकडे उतरवता येणार होती.

"साहेब, ह्यांची बाजू उघडू नका," ती हळूच म्हणाली. "बंद हाय तोवर मी जिती हाय."

तिनं बाही वर सारली. दंडभर चटक्यांचे जुने डाग. भागोजी तिला मारायचा हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं आणि एकानंही कधी चकार शब्द काढला नव्हता. मला संताप आला, कीवही आली. पण डिस्कमध्ये कसलं आलंय भूत! तिची समजूत घालून मी ती बाजू जोडली.

पॅकेज उतरू लागलं. फायलींची नावं पडद्यावरून सरकत होती. एसीच्या गारव्यात हळूहळू दारूचा आंबूस वास भरला. खोलीत आम्ही दोघंच होतो.

आणि चंद्रभागेचं तोंड टर्मिनलवर आदळलं. तिचे केस मागे ताणलेले होते, कुणीतरी मुठीत धरावेत तसे. परत आदळलं. कीबोर्डवर रक्त सांडलं, त्यात एक दात पडला. मी धावलो, तर पोटात अशी लाथ बसली की भिंतीवर जाऊन आपटलो. तिचं मनगट उलटं पिळलं जात होतं. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"तोडा... साहेब, तोडा ती बाजू..."

मी सरपटत कन्सोलपाशी गेलो, बाजू सोडवायची कमांड दिली. उत्तर आलं : बिझी. त्या बाजूला कुणी बसलेलं असलं की मशीन हेच सांगतं. परत दिली. बिझी. आता तिच्या गळ्यावर बोटांचे वळ उमटत होते...

मी मेन स्विच खाली ओढला. ती धाडकन जमिनीवर पडली. श्वास चालू होता.

तिला दवाखान्यात न्यायला कारखान्याची जीप मागवली. ती येईपर्यंत मी मशीन पुन्हा चालू केलं. का, ते मला आजही सांगता येत नाही. पॅकेज पूर्ण बसलं होतं. भागोजीची बाजू मात्र साफ रिकामी होती. मी तिला तसं सांगितलं. आता तिथे कुणी नाही म्हणालो. तेव्हा कुठे ती रडली.

महाडला प्लास्टर घालून संध्याकाळी तिला पोलादपूरला घरी सोडलं. तिनं डाव्या हातानं कुलूप काढलं, दार ढकललं. दार उघडेना. आतून कडी होती.

"घरात कोन नाय, साहेब..." ती पुटपुटली. तिनं माझी बाही घट्ट धरली.

तेवढ्यात आतली कडी सरकली.